152 चं 134 झालं, मग कोलेस्टेरॉल उतरलं का?

पत्र असं आहे: “मी 51 वर्षांची. महिन्यापूर्वी बारा तास उपाशी राहून लिपिड प्रोफाइल केलं. एकूण कोलेस्टेरॉल 228, ट्रायग्लिसराइड 160, एचडीएल 44, एलडीएल 152. माझे वडील 49 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, हे कळल्यावर डॉक्टरांनी गोळी सुचवली. मी घाबरले. तेलकट कमी केलं, चालायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तेव्हा खाऊन तीनेक तास झाले होते. एकूण 216, ट्रायग्लिसराइड 245, एचडीएल 47, एलडीएल 134. म्हणजे अठराने उतरलं ना? मग गोळी टळली का? भाऊजी म्हणतात, दोन्हीपैकी एक लॅब नक्की खोटी आहे आणि खाऊन दिलेलं रक्त तर बादच धरायचं. डॉक्टरांनी आता ‘अपो-बी’ करून आणायला सांगितलंय, ते कशाला? आणि चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायची गोळी मिळते का?”

ताई, दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. तुमच्या पत्राचं निम्मं उत्तर त्या फोटोंत, एलडीएलच्या (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्याच्या) ओळीपुढे बारीक अक्षरांत छापलेलं आहे. पहिल्या रिपोर्टवर ‘कॅल्क्युलेटेड’ असं लिहिलंय, दुसऱ्यावर ‘डायरेक्ट’. हे दोन शब्द कोणी वाचत नाही. मी मात्र पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढली, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

पहिल्या लॅबने तुमचं एलडीएल मोजलेलंच नाही. वजाबाकी केली आहे. कागद-पेन्सिल घ्या. 228 मधून एचडीएलचे, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे, 44 वजा करा, उरले 184. आता ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, 160 ला पाचाने भागा, आले 32. 184 मधून 32 गेले की 152. झालं तुमचं एलडीएल. यात फसवाफसवी काही नाही. जगभर कित्येक लॅब अजूनही असंच काढतात आणि या सूत्राला फ्रीडवाल्ड सूत्र म्हणतात, ते 1972 सालचं आहे.

आता हीच वजाबाकी दुसऱ्या रिपोर्टवर करून बघा. 216 मधून 47 गेले, उरले 169. 245 ला पाचाने भागलं की 49. 169 मधून 49 गेले, राहिले 120. पण रिपोर्टवर छापलंय 134! म्हणजे तेच रक्त, तीच ट्यूब. मशीनने थेट मोजलं तर 134 आणि सूत्राने काढलं तर 120. ते सॅम्पल पहिल्या लॅबकडे गेलं असतं तर तुम्ही मला ‘बत्तीसने उतरलं’ असं कळवलं असतं आणि कदाचित पेढेही वाटले असते.

लॅब खोटी नाही हे भाऊजींना सांगा. पण हा फरक कुठून आला, ते समजून घ्यायला जरा मुळाशी जावं लागेल.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, आणि रक्ताचा बराचसा भाग पाणीच. त्यामुळे कोलेस्टेरॉल रक्तात मोकळं कधीच फिरत नाही. त्याला कोणाच्या तरी डोक्यावर बसूनच जावं लागतं. ते वाहून नेणारे हमाल म्हणजे लिपोप्रोटीन. आत चरबीचा गोळा, बाहेरून फॉस्फोलिपिडचं आवरण आणि त्यात गुंतलेलं प्रथिन, अशी त्यांची घडण. काइलोमायक्रॉन हे सगळ्यात मोठे. खाल्लेल्या अन्नातली चरबी आतड्यातून उचलतात. व्हीएलडीएल यकृतातून निघतात, त्यांच्या डोक्यावर मुख्यतः ट्रायग्लिसराइडचं ओझं असतं. ते ओझं वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देता देता हे हमाल आक्रसत जातात आणि शेवटी कोलेस्टेरॉलने भरलेला जो उरतो, तो एलडीएल. एचडीएल आकाराने सगळ्यात लहान आणि घनतेने सगळ्यात जड. तो पेशींमधून कोलेस्टेरॉल उचलून परतीच्या वाटेला लावतो. ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अशी कोलेस्टेरॉलची दोन वाणं नाहीत. रेणू एकच, कोणाच्या डोक्यावर आहे एवढाच फरक.

हे हमाल वेगळे करून मोजायची अस्सल पद्धत म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज. सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) प्रचंड वेगाने तासन्‌तास फिरवायचं; हलके कण वर तरंगतात, जड तळाशी बसतात. व्हीएलडीएलची घनता 1.006 पेक्षा कमी, एलडीएलची 1.019 ते 1.063 आणि एचडीएलची त्याहून जास्त. नावातले ‘लो डेन्सिटी’, ‘हाय डेन्सिटी’ हे शब्द इथूनच आले, त्यांचा चांगुलपणाशी काही संबंध नाही. पण रोज दोनशे सॅम्पल येणाऱ्या लॅबमध्ये हे कोण करत बसणार? म्हणून फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडवाट काढली. उपाशीपोटी रक्तातलं ट्रायग्लिसराइड बहुतेक सगळं व्हीएलडीएलच्या डोक्यावर असतं, आणि व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल यांचं प्रमाण साधारण पाचास एक असतं. म्हणून पाचाने भागायचं.

या ‘साधारण’मध्येच मेख आहे. तुम्ही खाऊन गेलात, रक्तात काइलोमायक्रॉन फिरत होते, त्यांच्या डोक्यावर ट्रायग्लिसराइड खंडीभर आणि कोलेस्टेरॉल चिमूटभर. सूत्राला ते कळत नाही. ते सगळ्यांना पाचाने भागतं, व्हीएलडीएल फुगवतं आणि एलडीएल तितकंच खाली खेचतं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं तर हे सूत्र वापरायचंच नाही असा नियम आहे, तो याचसाठी. एलडीएल 70 च्या खाली असतानाही ते घसरतं. 2013 नंतर सुधारलेली सूत्रं आली. त्यातल्या एकात ठरावीक पाचाऐवजी तुमच्या आकड्यांप्रमाणे बदलणारा भाजक असतो, आणि 2020 मधलं एक 800 पर्यंतचं ट्रायग्लिसराइड चालवून घेतं. तुमची लॅब कोणतं वापरते हे विचारायला लाजू नका.

मग डायरेक्ट पद्धत बिनचूक का? तिथेही हात आखडता घ्यायला हवा. त्यात काही खास रसायनं बाकीचे कण झाकून ठेवतात आणि उघड्या राहिलेल्या एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल मशीन मोजतं. प्रत्येक कंपनीची झाकायची युक्ती वेगळी. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रक्तात काही हमाल अर्धवट झाकले जातात, काही नको ते मोजले जातात. तेव्हा 134 हा आकडा 120 पेक्षा जास्त भरवशाचा, पण देववाणी नव्हे.

एकूण कोलेस्टेरॉल मात्र हल्ली बऱ्यापैकी भरवशाने मोजलं जातं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे लीबरमान-बुरखार्ड पद्धत होती. ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सिरममध्ये घालायचं, मग ट्यूबमध्ये हिरवा रंग चढायचा, तो जितका गडद तितकं कोलेस्टेरॉल. माझ्या पहिल्या ॲप्रनला इतकी भोकं पडली होती की घरचे त्याला चाळण म्हणायचे. वास डोक्यात जायचा, आणि पिपेटला तोंड लावून ओढायची सवय तेव्हा लोकांना होती हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आता सगळं एन्झाइमवर चालतं. रक्तातलं जवळजवळ दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल फॅटी ॲसिडला जखडलेलं असतं. पहिलं एन्झाइम ते सोडवतं. दुसरं, कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज, त्याच्यावर काम करतं आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तिसरं, पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या जोरावर रंग बनवतं. कपमध्ये फिकट गुलाबी उमलताना दिसतो, मशीन त्यातून साधारण 500 नॅनोमीटरचा प्रकाश सोडतं आणि किती शोषला गेला ते बघतं. म्हणजे तुमचं 228 हे खरं तर गुलाबी रंगाचं मोजमाप. या साखळीतला पेरॉक्साइड मध्येच कोणी गिळला तर रंग कमी चढतो आणि आकडा खोटाच कमी येतो. व्हिटॅमिन सी चे मोठे डोस हे काम करू शकतात, एन-ॲसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारं औषधही करतं. तुम्ही असलं काही घेत असाल तर रक्त देताना सांगा. फॉर्मवर ती जागा असते, लोक ती कोरी सोडतात.

आता तुमच्या ‘उतरलं’ची गोष्ट. एलडीएल बाजूला ठेवा आणि दोन्ही रिपोर्टवर एकच वजाबाकी करा: एकूण वजा एचडीएल. पहिल्यात 184, दुसऱ्यात 169. याला नॉन-एचडीएल म्हणतात. यात पाचाचा भागाकार नाही, खाऊन गेलात की उपाशी गेलात याने फारसा फरक पडत नाही, आणि रक्तवाहिनीत अडकू शकणारे सगळेच हमाल यात येतात. माझं विचाराल तर दोन लॅबच्या दोन पद्धतींचे रिपोर्ट शेजारी ठेवायचे असतील तेव्हा याच आकड्यावर बोट ठेवावं.

तर 184 चे 169. पंधरा. टक्क्यांत आठ. हा फरक पथ्याने आणि चालण्याने पडलेला असू शकतो, पंधरा दिवसांत थोडं हलतंही. पण पथ्य न करता पडलेला असू शकतो तितकाच! एकाच धडधाकट माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल आठवड्या-आठवड्याला पाच-सहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतं, एलडीएल त्याहून थोडं जास्त, आणि ट्रायग्लिसराइड तर वीस टक्क्यांनी सहज. त्यात लॅबची स्वतःची चूक मिसळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने एकूण कोलेस्टेरॉलच्या चाचणीला जवळजवळ 9 टक्के आणि एलडीएलला 12 टक्के चूक चालवून घेतली आहे. चांगल्या लॅब त्याच्या बऱ्याच आत असतात, पण शून्यावर कोणीच नसतं. हे सगळं जमेला धरलं तर एका माणसाच्या दोन एलडीएलमध्ये वीस-पंचवीस टक्क्यांचं अंतर पडेपर्यंत ‘खरंच बदललं’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुमचं 152 चं 134 म्हणजे बारा टक्के, तेही दोन वेगळ्या पद्धतींनी.

खुर्चीत बसलात की उभ्या होतात, यानेही आकडा हलतो. उभं राहिलं की रक्तातलं पाणी पायांच्या ऊतींमध्ये उतरतं, लिपोप्रोटीन मोठे असल्याने मागे राहतात आणि रक्त दाट होतं. आडवं पडून घेतलेलं आणि उभ्या-उभ्या घेतलेलं सॅम्पल यात दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. दंडाला बांधलेली रबरी पट्टी शीर सापडेपर्यंत तीन-चार मिनिटं तशीच आवळून ठेवली तरी तेच होतं. म्हणून रांगेत उभं राहून थेट हात पुढे करू नका, आधी पाच-दहा मिनिटं बसा. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन या काळात कोलेस्टेरॉल खोटंच कमी दिसतं. हार्ट अटॅकनंतर दिवसभरात ते उतरायला लागतं आणि काही आठवडे तसंच राहतं. अशा वेळचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट फ्रेम करून ठेवणारे मी पाहिलेत.

खाऊन दिलेलं रक्त बाद असतं, हे भाऊजींचं मत आता जुनं झालं. 2016 साली युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून सांगितलं की बहुतेकांना उपाशी राहायची गरज नाही. डेन्मार्कमध्ये तर 2009 पासून बिनउपाशी तपासणी रूढ आहे. नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी 26 मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं, बाकी आकडे किरकोळ हलतात. खाऊन केलेल्या चाचणीत ट्रायग्लिसराइड 400 च्या वर आलं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करायचं. तुमचं 160 वरून 245 गेलं, ते थोडं अन्नाने, थोडं रोजच्या चढउताराने. मी त्याच्याकडे मुळीच दुर्लक्ष करणार नाही, पण घाबरणारही नाही. फार वाढलेलं असतं तर सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढतानाच दिसलं असतं. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेलं की सिरम पिवळसर पारदर्शक न राहता दुधासारखं पांढरं होतं, आणि काइलोमायक्रॉन असले तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर सकाळी वर साय धरते. एकदा पाहिलं की विसरत नाही.

अपो-बी. डॉक्टरांनी हे सांगितलं म्हणजे तुम्हाला चांगले डॉक्टर मिळालेत. हमालांच्या दंडावर बिल्ला असतो ना, तसा प्रत्येक एलडीएलवर, प्रत्येक व्हीएलडीएलवर अपोलिपोप्रोटीन-बी नावाच्या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. एचडीएलवर तो नसतो. एलडीएल कोलेस्टेरॉल मोजतो तेव्हा आपण ओझ्याचं वजन करतो; अपो-बी मोजतो तेव्हा हमालांची डोकी मोजतो. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली जाऊन अडकतात ते हमाल, त्यामुळे डोकी किती हा प्रश्न महत्त्वाचा. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी अशा माणसांत, म्हणजे तुमच्यासारख्यांत, एलडीएलचे कण लहान आणि अर्ध्या ओझ्याचे असण्याची शक्यता असते. वजन ठीकठाक दिसतं आणि डोकी मात्र भरपूर निघतात. 134 हा आकडा तुम्हाला वाटतो तितका निर्धोक आहे का, हे अपो-बी सांगेल. 130 च्या वर आलं तर ते धोका वाढवणारं मानतात. याला उपास लागत नाही, सूत्रही लागत नाही.

सोबत आणखी एक चाचणी मी माझ्या मनाने सुचवते. वडील 49 व्या वर्षी गेले म्हणालात. वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत हृदयविकाराने आजारी पडली तर वैद्यकशास्त्र ते घराण्याचं देणं मानतं. अशा घरात एकदा ‘लिपोप्रोटीन-ए’ बघून ठेवावं. हा एलडीएलचाच एक भाऊबंद, अंगावर जास्तीचं एक प्रथिन गुंडाळलेला. 1963 साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो शोधला. याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं, पथ्य-चालण्याने हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅम किंवा लिटरला 125 नॅनोमोलच्या वर असेल तर डॉक्टर बाकीच्या आकड्यांशी जास्त कडक वागतात. रिपोर्टवर एकक कोणतं आहे ते बघा. या दोन एककांचं एकमेकांत सरळ रूपांतर होत नाही.

चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायच्या गोळीचं म्हणाल तर ती निघाली होती. टॉर्सेट्रॅपिब तिचं नाव. एचडीएल 70 टक्क्यांहून जास्त वाढवायची. 2006 मध्ये मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. नायसिन या बी गटातल्या जीवनसत्त्वानेही एचडीएल वाढतं, पण स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीच्या) जोडीला ते देऊन पाहिलेली चाचणी 2011 मध्ये काही फायदा दिसेना म्हणून बंद केली. एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे, बायकांमध्ये 50 च्या खालचं कमी धरतात. पण खूण पुसली म्हणून धोका जात नाही. तेव्हा 44 चं 47 झालं याचा आनंद करू नका, आणि ते 60 कसं करायचं या फंदातही पडू नका.

गोळी टळली का? हे दोन कागद तसं म्हणत नाहीत. डॉक्टरांनी ती 152 या एकट्या आकड्यावरून सुचवलेली नाही. वय, वडील, कमी एचडीएल हे सगळं त्यात आहे, आणि त्यातलं काहीच पंधरा दिवसांत फारसं बदललेलं नाही. पण आजच्या आज सुरू करा असंही मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. एवढं करा. चालणं आणि पथ्य चालू ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी, अंगात ताप-सर्दी नसताना, दोन्हीपैकी कोणत्याही एका लॅबमध्ये जा आणि यापुढे तीच धरून ठेवा. लिपिड प्रोफाइलसोबत अपो-बी आणि लिपोप्रोटीन-ए करा. त्याच सॅम्पलमध्ये टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) पण सांगा; थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं आणि मग आधी थायरॉइडचाच इलाज करावा लागतो. पाळी नुकतीच थांबली असेल किंवा थांबत आली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्या सुमारास एलडीएल वाढतंच. त्यांच्याकडे जाताना तिन्ही रिपोर्ट न्या आणि प्रत्येकावर पेन्सिलने नॉन-एचडीएलचा आकडा लिहून ठेवा. पहिल्या दोघांवरचे मी वर काढून दिलेच आहेत.